शेतमाल वाहतूक: पिकअपमधील डिझेल बचत आणि क्रेटमागे खर्चाचा हिशेब

खत, औषधे आणि मजुरीचा खर्च बहुतेक शेतकरी वहीत लिहितात. पिकअपच्या डिझेलचा खर्च मात्र पंपावरच्या पावतीसोबत डॅशबोर्डवरच पडून राहतो. टोमॅटो, फ्लॉवर, कोबी किंवा काकडी स्वतःच्या गाडीतून बाजार समितीत नेत असाल, तर हंगामातील ३०-४० फेऱ्यांचा हा खर्च लहान नसतो. भाव पडतो त्या आठवड्यात तोडा करायचा की नाही, हे अनेकदा वाहतुकीवरच ठरते. या लेखातील उदाहरणे टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटची आहेत. तुमच्या मालासाठी गोणी किंवा क्विंटल धरून तोच हिशेब करता येईल.

आधी मायलेज मोजा

गाडी किती देते असे विचारले की चालक पटकन एक आकडा सांगतो. तो बहुधा रिकाम्या गाडीचा, चांगल्या रस्त्यावरचा असतो. खरा आकडा टाकी फुल ते टाकी फुल या पद्धतीनेच मिळतो. पंपावर टाकी भरा आणि नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी डिझेल घालू नका. किलोमीटरची नोंद करा. चार-पाच फेऱ्या झाल्यावर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा टाकी भरा. समजा गाडी ६४० किलोमीटर चालली आणि ४९.२ लिटर डिझेल बसले, तर मायलेज १३ आले. एकाच भरणीवर विश्वास ठेवू नका, तीन भरण्यांची सरासरी घ्या. वहीत तारीख, किलोमीटर, लिटर यांसोबत चौथा रकाना ठेवा: किती क्रेट नेले. पुढचा सगळा हिशेब या चौथ्या रकान्यावर उभा आहे.

मायलेज अचानक घसरले तर आधी गाडीत दोष शोधा. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर ५ लिटरच्या प्रमाणित मापाने डिझेल मोजून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. हे माप प्रत्येक पंपावर असावे लागते.

क्रेटमागे डिझेल

एक उदाहरण घेऊ. गाडीची भारक्षमता १,५०० किलो आहे. चालक आणि सोबतचा माणूस मिळून साधारण १५० किलो गेले. रिकाम्या क्रेटचे वजन २ किलो धरले तर भरलेला क्रेट २२ किलोचा होतो. म्हणजे नियमात राहून सुमारे ६० क्रेट, अर्थात १२ क्विंटल टोमॅटो बसतो. बाजार १२० किलोमीटरवर आहे. भरलेली गाडी लिटरला १२ आणि रिकामी १५ किलोमीटर देते असे धरू. जाताना १० लिटर, येताना ८ लिटर, एकूण १८ लिटर. डिझेल ९० रुपये धरले तर १,६२० रुपये, म्हणजे क्रेटमागे २७ रुपये.

आता तीच गाडी ४० क्रेट घेऊन गेली. भार कमी, म्हणून जाताना लिटरला १२.५ किलोमीटर मिळाले. जायला ९.६ आणि यायला ८, एकूण १७.६ लिटर, १,५८४ रुपये. क्रेटमागे खर्च ३९ रुपये ६० पैसे. गंमत अशी की या फेरीचे मायलेज आधीच्या फेरीपेक्षा चांगले आहे, चालकही खूश असेल, आणि तरीही प्रत्येक क्रेटवर साडेबारा रुपये जास्त गेले.

हवा, वेग आणि देखभाल नीट ठेवून पहिल्या फेरीत १० टक्के डिझेल वाचवले तर क्रेटमागे २ रुपये ७० पैसे वाचतात. ते वाचवायचेच आहेत, पण अर्धवट भरलेली गाडी भरून नेण्यातला फायदा त्याच्या चौपटीहून जास्त आहे. म्हणून सुरुवात गॅरेजमधून न करता तोड्याच्या नियोजनातून करा.

टोमॅटो लांबच्या बाजारासाठी रंग फुटण्याच्या अवस्थेत तोडला तर सावलीत, हवेशीर जागी एक दिवस सहज थांबतो. दोन लहान तोड्यांची एक भरलेली गाडी करता येते. पूर्ण लाल झालेल्या मालाचे तसे नाही. भेंडी, गवार आणि पालेभाज्यांतही ही सवलत नाही. तिथे शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी तोड्याचे दिवस जुळवून एकच गाडी पाठवणे हाच मार्ग आहे. गटात किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत असाल तर हे काम सोपे जाते. गाडी कोणाची आणि डिझेल कोणाचे यावरून वाद नकोत, म्हणून क्रेटमागे दर आधीच ठरवून लिहून ठेवा. भाडे घेऊन दुसऱ्याचा माल नेणार असाल तर गाडीची नोंदणी आणि विमा त्यासाठी चालतो का, हे आधी तपासा.

प्रतवारी शेतावरच करा. तडकलेली, अळी लागलेली फळे बाजारात नेऊन फेकण्यासाठी डिझेल, हमाली आणि क्रेट तिन्ही खर्च होतात. कांद्याची माती आणि सुकलेली पात इथेच झाडून टाका. सोयाबीन ओले नेले तर पाण्याचे भाडे भरावे लागते, शिवाय १२ टक्क्यांवर ओलावा असेल तर दरात कपात वेगळी. फ्लॉवर-कोबीचा सगळा पाला मात्र काढू नका. गड्ड्याभोवतीची दोन-तीन पाने वाटेत घासण्यापासून वाचवतात. त्या पाल्याचे वजन वाहणे परवडते.

भरती कुठपर्यंत

भार वाढवला की क्विंटलमागे डिझेल कमी लागते, हे गणित ओव्हरलोडमध्येही खरे ठरते. मोह तिथेच होतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. वरच्या उदाहरणात २०,००० रुपये म्हणजे १२ फेऱ्यांचे डिझेल. दंड टळला तरी टायर, पाटे आणि क्लच लवकर जातात, आणि उतारावर ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका राहतो. आरसी बुकात एकूण भारित वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. दोन्हींची वजाबाकी म्हणजे भारक्षमता. हौद्यावर नंतर जाळी किंवा लोखंडी पट्ट्या बसवल्या असतील तर रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर घाला. कागदावरचे वजन आणि काट्यावरचे वजन यातला फरक तुमच्या भरतीतून कमी होतो, आणि ते लोखंड तुम्ही वर्षभर येता-जाता वाहता.

जड माल मागच्या चाकांच्या पुढे, केबिनकडे ठेवा. फाळक्याकडे भार गेला की पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागते. थर शक्यतो केबिनच्या उंचीपर्यंतच ठेवा आणि ताडपत्री ताणून बांधा. फडफडणारी ताडपत्री वारा धरते आणि तेवढे डिझेल खाते.

टायर आणि ब्रेक

टायरमध्ये हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, तापतो आणि गाडी ओढायला जोर लागतो. भारासह किती हवा हवी ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत पाहा. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे वेगळे असतात. हवा थंड टायरमध्ये, गाडी निघण्याआधी तपासावी. धावून आलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा हवा काढू नका. स्वतःचा गेज घेऊन ठेवा आणि आठवड्यातून एकदा तपासा. उलट, भरपूर हवा मारून अर्धी गाडी टोमॅटो नेला तर गाडी आदळते आणि खालच्या थरातील फळे दबतात. त्यामुळे हवा भारानुसारच ठेवा.

ब्रेक धरून राहत असेल तर डिझेल नकळत जाते. सपाट रस्त्यावर १०-१५ किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक फारसा न वापरता गाडी थांबवा. प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न टेकवता उष्णता पाहा. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल तर तो ब्रेक किंवा बेअरिंग दाखवून घ्या. चिखलाच्या पाणंदीतून रोज जाणाऱ्या गाड्यांत हा दोष वरचेवर येतो. टायर एका कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट करा.

रस्त्यावर

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेलात तर तो सुमारे पावणेदोन पट होतो. पिकअपसारख्या चौकोनी गाडीला हे जास्तच लागते. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेचा सल्लाही ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा आहे. १२० किलोमीटरला ६० ऐवजी ८० ने कागदावर अर्धा तास वाचतो, प्रत्यक्षात गावे आणि घाट धरून त्याहून कमी. लिलावाची वेळ गाठायची असेल तर अर्धा तास आधी निघा. आणखी एक निरीक्षण: भरलेली गाडी जपून जाते, पळवली जाते ती परतताना. वरच्या उदाहरणात परतीचेच ८ लिटर आहेत. परतताना रिकाम्या क्रेटचा उंच थर असेल तर वेग आणखी महाग पडतो. त्याच फेरीत खत, पशुखाद्य किंवा रोपे आणता आली तर वेगळी फेरी वाचते.

कसारा किंवा माळशेज घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय अनेकांना आहे. डिझेल वाचते अशी समजूत. इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणालीच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनला जाणारे डिझेल जवळपास बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जात राहते. शिवाय न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. घाट ज्या गिअरमध्ये चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

बाजार समितीच्या रांगेत इंजिन बंद ठेवा. तासाला साधारण अर्धा लिटर डिझेल नुसते उभे राहून जाते. रक्कम मोठी नाही, पण वाचवायला काही लागतही नाही. टर्बो इंजिन घाट चढून आल्या आल्या बंद करू नका, मिनिटभर चालू द्या.

फिल्टर आणि डिझेल

शिवारातील धुळीत एअर फिल्टर लवकर भरतो. मग इंजिनाचा जोर कमी होतो, काळा धूर येतो आणि चालक खालच्या गिअरमध्ये गाडी ओढतो. कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच फिल्टर पाहा. कागदी फिल्टर आपटू नका, कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर साफ करा आणि फाटला असेल तर बदला. डिझेल फिल्टरमधील पाणी वेळोवेळी काढा, विशेषतः कॅनमधले डिझेल वापरत असाल तर. डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्याने पंप आणि इंजेक्टरचे वंगण कमी होते, दुरुस्तीचा खर्च बचतीच्या कितीतरी पट येतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर घर ते शेत अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांनी तो भरत जातो. दिवा लागल्यास पुस्तिकेप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एकसारखी गाडी चालवावी. दोन गोणी खतासाठी पिकअप काढणे तसेही महागच.

पहाटे डिझेल भरल्याने जास्त मिळते हा समज सोडून द्या. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तापमान फारसे हलत नाही. चुंबक आणि मायलेज वाढवणाऱ्या बाटल्यांवरही पैसे घालू नका.

लांबचा बाजार परवडतो का

जवळचा बाजार २० किलोमीटरवर असेल तर ६० क्रेटच्या फेरीला ३ लिटर, क्रेटमागे साडेचार रुपये डिझेल लागते. १२० किलोमीटरच्या बाजाराला २७. फरक साडेबावीस रुपयांचा. लांब क्रेटला २५ रुपये जास्त मिळत असतील तर डिझेल वजा जाता अडीच रुपये उरले, त्यातून टोल आणि चालकाचा भत्ता द्यायचा आहे. ४० क्रेट असतील तर हाच फरक ३३ रुपयांवर जातो, म्हणजे २५ रुपये जादा मिळूनही तोटाच. तोड्याच्या आदल्या संध्याकाळी भाव विचाराल तेव्हा क्रेट २० किलोचा की २५ किलोचा हेही विचारून घ्या. दोन बाजारांत क्रेटचे वजन वेगळे असेल तर दोन्ही भाव आधी किलोवर आणा आणि मगच गाडी कुठे लावायची ते ठरवा.