पिल्लाची स्वच्छता आणि बार हार्बरची प्रयोगशाळा

१/ कुत्र्याच्या पिल्लाने घरात घाण केली की त्याचे नाक त्यातच घासायचे, ही शिक्षा पाश्चात्त्य घरांत दीर्घकाळ रूढ होती. पिल्लू मुळातच अस्वच्छ असते, ही त्यामागची समजूत.

२/ अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत, जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९६५ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्या समजुतीचा पायाच डळमळला.

३/ जन्मानंतर काही दिवस आईच पिल्लाला चाटून मलमूत्र विसर्जन करवते आणि जागा स्वच्छ ठेवते. साधारण तीन आठवड्यांनी, चालता येऊ लागताच, पिल्लू त्यासाठी निजण्याच्या जागेपासून दूर जाऊ लागते. आठ-नऊ आठवड्यांचे झाले की ठरावीक जागा निवडते.

४/ स्वच्छतेची ओढ अशी उपजतच असते. माणसाचे संपूर्ण घर ही निजण्याची जागा आहे, एवढेच पिल्लाला ठाऊक नसते. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर त्याला नेमाने एकाच जागी बाहेर नेले, की ते उमगते. नाक घासल्याने मात्र ते केवळ माणसाला भिण्यास शिकते.