रेलून चालविण्याची सायकल आणि लांबचा प्रवास

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या कांठापर्यंत पसरलेला शहादा तालुक्याचा मुलूख दिसावयास सपाट आहे. परंतु सायकलवर आठ-पंधरा दिवसांचें सामान बांधून निघालेल्या प्रवाशास तो तितका सपाट वाटत नाहीं. ब्राह्मणपुरी हें याच तालुक्यांतलें गांव. या भागांतील काळी माती पावसाळ्यांत चाकाला चिकटून बसते. उन्हाळा सरतां सरतां पश्चिमेचा वारा वाहूं लागतो, आणि सुरतेच्या दिशेनें जाणाऱ्याच्या तो थेट छातीवर येतो. उत्तरेस वळावें तर अकराशे मीटरांहून उंच असलेलें तोरणमाळ. सायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न अशा ठिकाणीं हौसेचा राहत नाहीं. मानेचा, मनगटांचा आणि गुडघ्यांचा होतो.

या प्रश्नास एक उत्तर असें आहे कीं, जें पुष्कळांनीं कधीं पाहिलेंही नाहीं. तें म्हणजे रेलून चालविण्याची सायकल. इंग्रजी नांव रिकम्बंट. तिच्यावर स्वार आरामखुर्चींत बसावें तसा बसतो, पाठ आसनाला टेकलेली असते आणि पाय समोर पसरून तो पायडल मारतो. मनगटांवर भार नाहीं, मान वर करून पाहावें लागत नाहीं, आणि दिवसाच्या अखेरीस बैठक दुखत नाहीं. मग इतकी सोईची सायकल दुकानांत कां दिसत नाहीं? याचें उत्तर इतिहासांत आहे.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्यें शार्ल मोशे नांवाचे एक कारागीर होते. त्यांनीं प्रथम आपल्या मुलासाठीं पायानें चालविण्याची चारचाकी गाडी केली. पुढें मोठ्या माणसांसाठींही तशा गाड्या ते विकूं लागले. त्यांतूनच रेलून बसण्याची दोनचाकी सायकल निघाली. ता. ७ जुलै १९३३ रोजीं फ्रान्सिस फोर या स्वारानें पॅरिसमध्यें या सायकलवर एका तासांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलें. त्यापूर्वींचा ४४.२४७ किलोमीटरांचा विक्रम स्विस स्वार ऑस्कर एग याचा होता, आणि तो १९१४ पासून अबाधित राहिला होता. फोर हा कांहीं पहिल्या प्रतीचा शर्यतवीर गणला जात नसे. म्हणून वाद निघाला, कीं जिंकलें कोण? माणूस कीं यंत्र?

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मोरिस रिशार या स्वारानें साध्या सायकलवर ४४.७७७ किलोमीटर अंतर तोडलें. फोरच्या आंकड्याहून हा आंकडा लहान. परंतु १९३४ सालीं आंतरराष्ट्रीय सायकल संघानें शर्यतीच्या सायकलीची व्याख्या अशी ठरविली, कीं तींत रेलून चालविण्याची सायकल बसूं नये. फोरचा विक्रम बाजूस ठेवला गेला व रिशारचा मान्य झाला. मोशे त्याच वर्षीं वारले.

हा नियम केवळ शर्यतीचा होता. रस्त्यावर अशी सायकल चालविण्यास कोणीं मनाई केली नव्हती. तथापि कारखानदार शर्यतीकडे पाहून माल काढीत, आणि गिऱ्हाईक कारखान्यांतून येईल तें घेई. अशा रीतीनें शर्यतीसाठीं केलेला नियम, ज्यानें जन्मांत कधीं शर्यत केली नाहीं अशा प्रवाशाच्याही निवडीवर येऊन बसला. पुढें १९७६ सालीं अमेरिकेंत मानवी शक्तीनें चालणाऱ्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, या वाहनांच्या निराळ्या शर्यती भरूं लागल्या, आणि मग हा विसरलेला प्रकार पुन्हां वर आला.

नव्यानें मिळालेली ही सवड आंधळेपणानें वापरावी, असें मात्र नव्हे. यासाठीं मुंबईचें एक उदाहरण डोळ्यांपुढें ठेवणें हिताचें आहे. ता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा या तिघांनीं ती पुरी केली आणि मार्च १९२८ मध्यें ते मुंबईस परतले. प्रवास सुमारे ७१,००० किलोमीटरांचा झाला. त्यांच्या सायकली नेहमींच्याच, उभ्या बांधणीच्या होत्या. वाळवंटें व डोंगर ओलांडतांना आरामाचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. परंतु तसलें यंत्र बहुतेक देशांतल्या कारागिरांस ओळखीचें होतें. लांबच्या प्रवासांत आरामाइतकीच ही ओळख मोलाची असते.

ब्राह्मणपुरीसारख्या गांवावरून जाणाऱ्यानें हीच कसोटी रेलून चालविण्याच्या सायकलीस लावावी. पहिला विचार साखळीचा. पायडल अगदीं पुढें आणि ओढणारें चाक मागें, म्हणून या सायकलीला साध्या दोन-अडीच साखळ्या जोडून एक करावी लागते. ग्रामीण भागांत सहज मिळते ती बिनगिअरच्या सायकलीची रुंद साखळी. गिअरच्या दातांत ती नीट बसत नाहीं. तेव्हां जोडकड्या आणि साखळीचा एक तुकडा बरोबर असलाच पाहिजे. दुसरा विचार चाकांचा. पुष्कळ नमुन्यांत पुढचें चाक लहान असतें. लहान चाक खड्ड्यांत अधिक आदळतें, आणि चिखलाचें पंख्याशीं लवकर जमतें. मुलांच्या सायकलीच्या मापाशीं त्याचें माप जुळतें कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं ताडून पाहावें. जुळल्यास वाटेंत ट्यूब मिळण्याची आशा धरतां येते.

तिसरा विचार ओझ्याचा. आसनाच्या बाजूंस, खालच्या अंगाला पिशव्या टांगल्या म्हणजे भार जमिनीजवळ राहतो आणि सायकल डोलत नाहीं. सर्व सामान आसनामागें उंच रचल्यास मात्र चढावर पुढचें चाक हलकें पडतें. लांब बांधणीची सायकल सरळ वाटेवर शांत चालते, पण आगगाडींत चढवितांना जड जाते. आखूड बांधणीची चटकन वळते, पण तिचा तोल अंगवळणीं पडण्यास दिवस लागतात. तिसरा प्रकार तीन चाकांचा. चढावर वेग पायी चालण्याइतका उतरला तरी ती गाडी कलंडत नाहीं, दमल्यास जागींच थांबून विसांवा घेतां येतो. तोरणमाळच्या वाटेवर हा गुण लहान नव्हे. कारण रेललेल्या स्वारास पायडलवर उभें राहून अंगाचा भार टाकतां येत नाहीं, आणि हलके गिअर नसले तर सारा ताण गुडघ्यांवर जातो.

याच्या उलट वाऱ्याचें आहे. रेललेलें शरीर वाऱ्यास कमी आडवें येतें. स्थिर हवेंत वेग दुप्पट करावयाचा तर केवळ हवेचा विरोध मोडण्यास आठपट शक्ति लागते. म्हणून समोरच्या वाऱ्यांत हा लाभ दिवसभर पदरीं पडत राहतो. फोरचा विक्रम याच कारणानें घडला. परंतु जो खालीं बसतो तो दिसतही कमी. उसाच्या ट्रॉल्या आणि मालमोटारी ज्या रस्त्यानें धांवतात, तेथें मागें उंच काठीवर ठळक रंगाचें निशाण लावणें हा शोभेचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

एकूण हिशेब असा जुळतो. ज्याची वाट सपाट, लांब आणि वाऱ्याची आहे व ज्याची पाठ किंवा मनगटें साध्या सायकलीवर टिकत नाहींत, त्यानें रेलून चालविण्याची सायकल अवश्य घ्यावी. ज्याची वाट चिखलाची, चढाची आणि दुरुस्तीच्या दुकानांपासून दूर आहे, त्यानें साधी सायकल घेण्यांत कमीपणा मानूं नये. १९३४ सालीं निवड दुसऱ्यांनीं केली, आणि ती शर्यतीच्या मैदानाकडे पाहून केली. प्रवाशानें ती आपल्या रस्त्याकडे, आपल्या ओझ्याकडे आणि आपल्या शरीराकडे पाहून करावी. नवी वस्तु नवी म्हणून घेणें आणि जुनी जुनी म्हणून धरून ठेवणें, या दोहोंतही रस्त्याचा विचार राहून जातो; आणि ओझें घेऊन निघालेल्यास शेवटीं गांठ पडते ती रस्त्याशींच.