गाडीत सबवूफर बसवताय? आधी वायर, फ्यूज आणि डबा समजून घ्या

असीरगड (जि. बऱ्हाणपूर) : लग्नसराई लागली की इंदूर–इच्छापूर महामार्गावरून जाणाऱ्या गाड्यांचा बेस गाडी दिसायच्या आधीच ऐकू येतो. पूर्वी हा शौक मोठ्या शहरांत होता. आता बऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगरच्या कार डेकोर दुकानांत सबवूफर, ॲम्प्लिफायर आणि तयार डबा सहज मिळतो आणि दोन-तीन तासांत फिटिंगही होऊन जाते. अडचण या घाईतच आहे. फिटिंगमध्ये वायर बारीक पडली, फ्यूज लावलाच नाही किंवा अर्थिंग सैल राहिली, तर आवाज बिघडतोच, पण गाडी पेटण्याचाही धोका असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो. बंद गाडीचं आतलं तापमान त्याहून बरंच वर चढतं आणि कच्च्या वायरिंगचा पहिला कस तिथेच लागतो. म्हणून दुकानात जाण्याआधी एवढं वाचून जा.

बारा व्होल्टने काय होतं?

गाडीच्या बॅटरीचा शॉक लागत नाही, म्हणून अनेकजण ती निर्धोक समजतात. पण लाल वायर कुठे घासून पत्र्याला टेकली, तर बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर करंट सोडते. वायर लालबुंद होते, तिचं प्लॅस्टिक पेटतं आणि शेजारी कार्पेट, सीटचा फोम असतोच. वाटेत फ्यूज असेल तर तो उडतो आणि विषय तिथेच संपतो. फ्यूज नसेल तर वायर स्वतःच फ्यूज बनते.

खोक्यावरचे वॅट आणि खरे वॅट

खोक्यावर ‘१२०० वॅट’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. तुम्ही बघायचा तो ‘आरएमएस’ आकडा, म्हणजे सलग चालेल एवढी ताकद. ती बहुतेक वेळा छापलेल्या आकड्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी निघते. ॲम्प आणि सबवूफर दोघांचे आरएमएस आकडे जवळपास जुळले पाहिजेत.

वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. ३०० चे ६०० वॅट केले तर वाढ फक्त ३ डेसिबलची होते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. त्यामुळे पैसे वॅटवर उडवण्यापेक्षा चांगल्या डब्यावर आणि वायरवर खर्च करणं परवडतं.

करंट किती लागेल? सोपा हिशोब

आजकालचे बहुतेक बेस ॲम्प ‘क्लास डी’ असतात. ते घेतलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के स्पीकरला देतात, बाकीची उष्णता होते. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ धरा. आरएमएस वॅटला ०.८ ने भागा, मग १३.८ ने भागा. उत्तर अँपिअरमध्ये येतं.

- ३०० वॅट : सुमारे २७ अँपिअर
- ५०० वॅट : सुमारे ४५ अँपिअर
- १००० वॅट : सुमारे ९० अँपिअर

जुना ‘क्लास एबी’ ॲम्प असेल तर ५०० वॅटलाच ७० अँपिअरच्या वर जातं.

आता गाडीची कमाई बघा. छोट्या गाड्यांचा अल्टरनेटर बहुधा ६५ ते ९० अँपिअरचा असतो. त्यातूनच हेडलाइट, एसी, रेडिएटरचा पंखा, इंधन पंप आणि बॅटरीचं चार्जिंग भागवायचं असतं. शिवाय इंजिन आयडलला असताना अल्टरनेटर पूर्ण करंट देत नाही. असीरगडच्या घाटात ट्रकमागे गाडी अडकलीय, एसी आणि लाइट चालू, वर बेस फुल, अशा वेळी तूट बॅटरी भरून काढते. साध्या छोट्या गाडीत ३०० ते ५०० आरएमएसच्या आत राहणं शहाणपणाचं.

मल्टिमीटरने तपासा. इंजिन बंद, बॅटरी भरलेली : १२.६ व्होल्टच्या आसपास. इंजिन चालू : १३.८ ते १४.४. गाणं जोरात वाजताना ॲम्पच्या टर्मिनलवर १३ च्या खाली घसरत असेल, तर वायर बारीक आहे, अर्थिंग कच्ची आहे किंवा मागणी जास्त आहे. काही नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरचं व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करतो. तिथे सबवूफर लावण्याआधीचं आणि नंतरचं रीडिंग ताडून बघा.

इंजिन बंद ठेवून गाणी वाजवू नका. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-अवरची असते. तासभर जोरात वाजवलं की ती निम्म्यावर येऊ शकते. मग वरात आटोपल्यावर रात्री गाडीला धक्का मारायची वेळ येते.

वायर : जाडी आणि जात

बॅटरी पुढे आणि ॲम्प डिक्कीत, म्हणजे वायर साधारण पाच मीटर. तांब्याच्या वायरसाठी अंदाज असा :

- ३०० वॅटपर्यंत : ८ गेज (१० स्क्वेअर एमएम चालेल), फ्यूज ४० अँपिअर
- ५०० वॅटपर्यंत : ४ गेज (२५ स्क्वेअर एमएम), फ्यूज ६० अँपिअर
- १००० वॅटपर्यंत : २५ ते ३५ स्क्वेअर एमएम, फ्यूज १०० अँपिअर

स्वस्त किटमध्ये दोन फसवणुकी चालतात. पहिली, वर जाड रबर आणि आत बारीक तार. दुसरी, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी दिसली तर बहुधा ॲल्युमिनियम आहे. (कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार बाहेरून पांढरी असते, पण खरवडल्यावर आत लाल निघते.) ॲल्युमिनियम वापरायचंच असेल तर एक-दोन माप जाड घ्या.

फ्यूज आणि अर्थिंग : इथे तडजोड नको

मेन फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून दीड फुटाच्या आत हवा. ॲम्पवर फ्यूज आहे म्हणून हा टाळता येत नाही. ॲम्पचा फ्यूज ॲम्पसाठी असतो, बॅटरीजवळचा मधल्या पाच मीटर वायरसाठी. फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा कधीच नको. वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणं किंवा त्यावर तार गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

बोनेटमधून आत येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार सहा महिन्यांत वायर कापते. वायर क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटरच्या पेडलजवळून नको, सीटच्या रेलखालून नको आणि इंधनाच्या पाइपला लागून तर नकोच. सीएनजी गाडीत सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि गॅस पाइपपासून ॲम्प आणि वायर दूर ठेवा.

अर्थिंगची वायर मेन वायरएवढीच जाड आणि दीड फुटाच्या आत संपणारी हवी. जिथे बोल्ट लावायचा तिथला रंग घासून चकचकीत पत्रा काढा, रिंग टर्मिनल लावून घट्ट कसा, वरून गंज न चढण्यासाठी ग्रीस लावा. सीट बेल्टचा बोल्ट अर्थिंगला वापरू नका. तो तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे.

ॲम्प चालू करणारी बारीक रिमोट वायर, बहुधा निळी, स्टिरिओच्या रिमोट टर्मिनललाच जोडा. ती थेट बॅटरीला जोडली तर ॲम्प रात्रभर चालू राहतो. ऑडिओची आरसीए केबल मेन वायरच्या विरुद्ध बाजूने न्या, म्हणजे इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येणार नाही. कंपनीच्या स्टिरिओला आरसीए नसेल तर हाय-लेव्हल इनपुट असलेला ॲम्प घ्या आणि जोड कपलरने करा. मूळ हार्नेस कापला तर वॉरंटीवर वाद होतो.

ओहमचा मेळ

ॲम्प कमीत कमी किती ओहमवर चालतो ते त्यावर लिहिलेलं असतं. चार-चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, एकामागे एक जोडल्या की ८. दोन-दोन ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर १ ओहम. ॲम्प २ ओहमचा आणि तुम्ही १ ओहम जोडला, तर तो तापून बंद पडेल किंवा जळेल.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

गेन फुल केला की सिग्नलचे माथे कापले जातात. त्याला क्लिपिंग म्हणतात आणि सबवूफरच्या कॉइल त्यानेच सर्वात जास्त जळतात. योग्य रीत अशी : सबवूफरची वायर काढा, बेस बूस्ट शून्य करा, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवा, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. ॲम्पच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टला थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० वॅट, ४ ओहम : सुमारे ३४.६ व्होल्ट. ५०० वॅट, २ ओहम : सुमारे ३१.६ व्होल्ट. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा.

डबा कोणता घ्यावा?

सबवूफरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. दोन्ही लाटा मिसळल्या की एकमेकींना मारतात आणि बेस गायब होतो. मागची लाट वेगळी ठेवायला डबा लागतो.

सीलबंद डबा : पूर्ण हवाबंद, आकाराने लहान. बेस नेमका आणि आटोपशीर. ढोलकी, तबला, भजन, जुनी गाणी ऐकणाऱ्यांना हा आवडतो. आतली हवा स्प्रिंगसारखी कोनला आवरते, म्हणून हा सर्वात माफ करणारा डबा. १२ इंची सबवूफरला साधारण २३ ते ३५ लिटर लागतात. पहिल्यांदा बसवणाऱ्यांनी हाच घ्यावा.

पोर्टेड डबा : याला नळी किंवा फट असते. मागची लाट वळून पुढच्या लाटेला साथ देते, त्यामुळे त्याच वॅटमध्ये आवाज मोठा येतो. १२ इंचीला साधारण ४२ ते ६४ लिटर, म्हणजे डिक्कीचा मोठा हिस्सा जातो. पोर्ट बहुधा ३२ ते ३८ हर्ट्झला जुळवतात. त्याच्या खालच्या सुरांवर कोन मोकाट सुटतो आणि फाटू शकतो. म्हणून ॲम्पला सबसॉनिक फिल्टर हवा आणि तो ट्यूनिंगच्या थोडा खाली लावायचा. पोर्टचं तोंड सीटला किंवा सामानाला टेकवू नका.

बँडपास डबा : सबवूफर आतच लपलेला, आवाज फक्त पोर्टमधून. एका ठराविक पट्ट्यात दणका जोरदार, पण सूर कळत नाही. कोन बिघडला तर बाहेरून लवकर लक्षातही येत नाही.

अंडरसीट आणि शॅलो डबा : ॲम्प आतच असलेला चपटा सबवूफर. पिकअपच्या केबिनमध्ये किंवा सीएनजी सिलिंडरने डिक्की भरलेल्या गाडीत हाच सोयीचा. घर हादरवणार नाही, पण गाणं भरून येतं.

सुताराकडून बनवायचा असेल तर १८ एमएम एमडीएफ किंवा चांगला प्लाय घ्या. एमडीएफ पाण्याने फुगतो, म्हणून पावसाळ्याआधी आतून-बाहेरून सीलर मारा. माप नेहमी आतलं मोजा. उदाहरणार्थ, बाहेरून ४५ × ३८ × २६ सेंमीचा डबा आतून ४१.४ × ३४.४ × २२.४ सेंमी उरतो, म्हणजे सुमारे ३२ लिटर. सबवूफरचे दोन-अडीच लिटर वजा करा, २९–३० लिटर राहतात. १२ इंची सीलबंदसाठी हे माप चांगलं, मात्र सबवूफरच्या कागदावर कंपनीने दिलेलं माप शेवटचं माना.

डबा आणि सबवूफर मिळून २०–२५ किलो सहज भरतात. जोरात ब्रेक लागला तर एवढं वजन मागच्या सीटवर येतं आणि तिथे बहुधा मुलं बसलेली असतात. डबा बेल्टने किंवा ब्रॅकेटने घट्ट बांधा. बोल्ट मारण्याआधी खाली इंधनाची टाकी नाही ना, ते बघा. ॲम्प डब्यावर ठोकू नका, थरथरीने त्याचे जोड सुटतात. त्याच्याभोवती हवा खेळू द्या, वर चादर-सामान टाकू नका.

कायदा आणि विमा

सीमेच्या अलीकडे मध्य प्रदेश, पलीकडे महाराष्ट्र, पण ध्वनिप्रदूषण नियम, २००० दोन्हीकडे तेच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मध्य प्रदेश सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये ध्वनिवर्धकांबाबत कडक आदेश काढल्यापासून तपासण्याही वाढल्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार रस्त्यावर ध्वनिनियंत्रणाचे नियम मोडले तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं.

नंतर बसवलेलं विजेचं सामान विमा कंपनीला कळवून वेगळा हप्ता भरला नसेल, तर त्याची भरपाई मिळत नाही. आगीचं कारण कच्ची फिटिंग निघाली तर पूर्ण दाव्यावरच प्रश्न उभा राहतो. पक्कं बिल घ्या.

कानांचंही बघा. ८५ डेसिबल आठ तास चालतं, ९४ एक तास आणि १०० फक्त १५ मिनिटं. शिवाय मोठ्या आवाजात मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही, घाटात तो ऐकू यायलाच हवा.

गाडी ताब्यात घेण्याआधी तपासा

- बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज आहे का? किती अँपिअरचा?
- पत्र्याच्या भोकात ग्रोमेट आहे का? वायर पाइपमध्ये घालून बांधली आहे का?
- अर्थिंगचा बोल्ट हाताने हलतो का?
- गाडी बंद केल्यावर ॲम्पचा दिवा विझतो का?
- अर्धा तास वाजवून वायर आणि फ्यूजच्या खोक्याला हात लावा. कोमट चालेल. चटका बसला तर गाडी घेऊ नका.
- डबा जोर लावून ओढला तर सरकतो का?
- स्टेपनी काढता येते का?

चालत्या गाडीत जळका वास आला तर बेस बंद करून ‘पुढे बघू’ म्हणू नका. बाजूला थांबा, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या आणि ११२ ला फोन करा. बोनेटमधून धूर येत असेल तर ते पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. एक किलोचं ड्राय पावडरचं अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा. पूर्ण सिस्टिमच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.