आभासी सृष्टि आणि पक्षाघात

पक्षाघातानें ढळलेला तोल सांवरणें म्हणजे चालण्याचा ओनामा पुन्हा गिरविणें होय. १९६८ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं आभासी सृष्टि दाखविणारें शिरोयंत्र रचलें. तें छताला टांगलेलें असे. २००७ सालीं जपानांत निन्टेंडो कंपनीनें तोल मोजणारी खेळफळी काढली. ती रुग्णांच्या व्यायामशाळेंतहि शिरली. २०१६ सालीं चार देशांतील १४१ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत हाताच्या हालचालींसाठीं याच कंपनीचें खेळयंत्र एकीकडे व पत्त्यांसारखे साधे खेळ दुसरीकडे होते. गुण सारखाच आला. तोलाच्या बाबतींत या खेळांची जोड थोडी उपकारक ठरत असावी. तथापि ज्या घरीं यंत्र नाहीं त्यानें खचूं नये. खरा गुण नित्य आवर्तनांत आहे.