दर हजारी किती मुली?

माझी सगळी नोकरी सांगलीत संख्याशास्त्र शिकवण्यात गेली. गुणोत्तर शिकवताना मी हमखास रत्नागिरीचं उदाहरण घ्यायचे. २००१ च्या जनगणनेत त्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या. मुलं म्हणायची, "मॅडम, तिकडे बायकांना मान दिसतोय." मी विचारायचे, "तिथले पुरुष कुठं असतात?" मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "मुंबईला!"

बायकांच्या बाजूने आकडा मांडायचा तर आधी योग्य आकडा निवडावा लागतो. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या चळवळीचा इतिहास मला म्हणूनच मोलाचा वाटतो. मोर्चे तर निघालेच, पण या चळवळीने आकडे निवडायलाही शिकून घेतलं.

१९७१ साली केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव आणि मुंबईच्या एसएनडीटीतल्या नीरा देसाई सदस्य. १९७४ च्या अखेरीस आलेल्या या अहवालाने अनेकांची झोप उडवली. १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये ९३० उरल्या. यात गुपित काहीच नव्हतं. जनगणना खातं दर दहा वर्षांनी ते छापतच होतं. समितीने ते आकडे ओळीने लावले आणि 'असं का?' म्हणून विचारलं. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकरांनीही १९७५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त हाच प्रश्न हाताळला.

तेव्हा चर्चा होती ती जन्मलेल्या मुलींच्या हेळसांडीची. पण त्याच सुमाराला गर्भजल परीक्षा देशात आली. गर्भातले दोष शोधण्यासाठी आलेल्या या तपासणीचा उपयोग मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सरकारी रुग्णालयांत त्यावर बंदी आली आणि धंदा खाजगी दवाखान्यांत गेला. आज थोडे पैसे खर्च करा, पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड झळकत होत्या.

१९८५-८६ च्या सुमाराला मुंबईत स्त्री-संघटना, लोकविज्ञानाचे कार्यकर्ते आणि काही डॉक्टर एकत्र आले आणि त्यांनी गर्भलिंगनिदानाविरोधी मंच उभारला. विधिमंडळात मृणाल गोरे यांनी हा विषय लावून धरला. दोषच शोधतो, लिंग सांगणारे थोडेच, असा डॉक्टरांचा बचाव असायचा. तो मोडला एका लहानशा पाहणीने. राज्य सरकारच्याच सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठलं. त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते.

पन्नासांत बेचाळीस! नमुना छोटा, पण मला ही पाहणी फार हुशारीची वाटते. आयांना विचारलं असतं तर दोष पुन्हा बाईच्याच पदरात पडला असता. इथं मोजले गेले डॉक्टर. शिवाय अभ्यास सरकारनेच करवला होता, त्यामुळे सरकारला तो झटकताही येईना. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य.

त्याच काळात दुसरा एक आकडा जास्त गाजला: मुंबईतल्या एका पाहणीत पाडलेल्या ८००० गर्भांपैकी ७९९९ मुलींचे होते. ऐकणाऱ्याचा थरकाप व्हायचा. पण संख्याशास्त्राचा माणूस लगेच विचारणार, हे ८००० निवडले कसे? लिंग कळल्यावर पाडलेलेच गर्भ मोजले, तर त्यात मुलगे निघणार कुठून? अशा मोजणीने क्रौर्य दिसतं, त्याचा पसारा मात्र कळत नाही. सभेत ७९९९ चालतो. मंत्रालयात कामी येतो तो ४२.

केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ पासून लागू झाला, पण अंमलबजावणीच्या नावाने आनंदच होता. तोवर सोनोग्राफी यंत्रं गावोगाव पोचली होती. २००० मध्ये 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था व डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्याच वर्षी जनगणनेचे आकडे आले. यावेळी सगळ्यांची नजर होती शून्य ते सहा वयोगटावर, कारण लहान मुलं नोकरीसाठी मुंबईला जात नाहीत. रत्नागिरीची भानगडच मिटली.

महाराष्ट्रात दर हजारी मुली ९४६ वरून ९१३ वर आल्या होत्या. आमच्या सांगलीत ८५१, शेजारच्या कोल्हापुरात ८३९ आणि गडचिरोलीत ९६६. 'हे गरिबीमुळे, अडाणीपणामुळे' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. साखर कारखाने, दूध संघ आणि कॉलेजं असलेल्या पट्ट्यातच मुली कमी होत्या. राज्याच्या सरासरीत हे दिसलं नसतं. जिल्हावार तक्ता लावला तेव्हा दिसलं. २००३ मध्ये कायदा कडक झाला.

मग साताऱ्यात वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी' अभियानाने बनावट गिऱ्हाईक पाठवून डॉक्टर पकडून दिले. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवला. २०११ मध्ये कोल्हापूर ८६३ वर चढलं. बीड मात्र ८९४ वरून थेट ८०७ वर घसरलं. एका ठिकाणी पहारा बसला म्हणून दुसरीकडचं दुकान बंद होत नाही.

आता अडचण वेगळीच आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती २०२७ वर गेली. तोवर जिल्ह्याजिल्ह्याचा बालकांचा ताजा तक्ता मिळणार नाही. पण जन्मनोंदणीचं रजिस्टर ग्रामपंचायतीत असतंच. जळगाव जिल्ह्यात त्याच नोंदींवरून किती मुलगे, किती मुली जन्मल्या ते दाखवणारे 'गुड्डा-गुड्डी' फलक लागले आणि केंद्राच्या 'बेटी बचाओ' योजनेने ते उचलले. गावात वर्षाला वीस जन्म होत असतील आणि एखाद्या वर्षी बारा मुलगे, आठ मुली झाल्या, तर तो योगायोग असू शकतो. ओरड करू नका. पाच वर्षांची बेरीज करा. तेव्हाही साठाला चाळीस दिसलं तर तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि पोच घ्या.