रेवाचिनी आणि रूबार्ब

काष्ठौषधींच्या दुकानांत रेवाचिनी या नांवानें जी पिवळसर, कडवट मुळी मिळते, तीच इंग्रजीतील ‘रूबार्ब’ होय. रेचक म्हणून तिचा लौकिक फार जुना. मराठी नांवाचा उलगडा सोपा आहे. फारसींत या मुळीस रेवंद म्हणतात. चीनकडून आलेली ती रेवंद-इ-चिनी, आणि आपल्या जिभेवर तिचीच रेवाचिनी झाली. त्यांतील ‘रेवे’शीं नर्मदेचा कांहीं एक संबंध नाहीं.

इंग्रजी शब्दाशीं मात्र एक नदी खरोखरच जोडली गेली आहे. ग्रीक वैद्य दिओस्कोरिदीस यानें पहिल्या शतकांत या वर्गांतील एका मुळीचें वर्णन केलें. बॉस्फरसपलीकडून येणाऱ्या त्या मुळीचें नांव तो ‘ऱ्हा’ किंवा ‘ऱ्हेऑन’ असें देतो. चौथ्या शतकांतील रोमन इतिहासकार अम्मिआनुस सांगतो कीं, ऱ्हा नदीच्या कांठीं उगवते म्हणून ती ऱ्हा. ही नदी म्हणजे आजची व्होल्गा. व्युत्पत्ति मोठी सुबक आहे. पण औषधी म्हणून नांवाजलेली मुळी उगवते ती चीन-तिबेटच्या डोंगरांत! ऱ्हेऑन हा शब्द फारसी रेवंदच्याच घराण्यांतला असावा, हें मत अधिक पटतें.

पुढें लॅटिनांत त्यास ‘बार्बारुम’ हें शेपूट लागलें. परक्यांचें बोलणें ग्रीकांना नुसतें ‘बर-बर’ ऐकूं येई, म्हणून परका तो बार्बारोस. संस्कृतांतील ‘बर्बर’ त्याचाच भाऊबंद. रूबार्ब म्हणजे ‘परकी ऱ्हा’.

माल ज्या वाटेनें येई त्या वाटेचें नांव त्याला पडे: तुर्की, रशियन, चिनी. अठराव्या शतकांत रशियन सरकारनें या व्यापाराचा मक्ता कित्येक वर्षें आपल्या हातीं ठेविला होता. चीनच्या सरहद्दीवर क्याख्ता येथें मुळ्या पारखून घेतल्या जात. १८३९ सालीं अफूबंदीसाठीं कँटनला आलेला चिनी अधिकारी लिन झ-श्यू यानें तर व्हिक्टोरिया राणीस उद्देशून लिहिलें कीं, चहा व रेवाचिनी यांवांचून परदेशीयांचा एक दिवसही निभाव लागणार नाहीं. माळव्याची अफू तेव्हां मुंबई बंदरांतून चीनला जात होती. लिनचा हिशेब चुकला. इंग्रजांनीं रेवाचिनीची पर्वा न करतां युद्ध पुकारलें आणि १८४२ सालीं हाँगकाँग पदरांत पाडून घेतलें.

इंग्रजी रंगभूमीवर या शब्दाचा आणखी एक उपयोग होतो. गर्दीच्या प्रवेशांत अर्थहीन गलबला ऐकवावयाचा असला, म्हणजे नट एकसारखे ‘रूबार्ब, रूबार्ब’ असें पुटपुटतात.