बिब्ब्याचा रस आणि जपानी लाख

सापगावच्या आसपास, शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पानझडी रानांत बिब्ब्याचे झाड परिचयाचे आहे. त्याच्या फळाच्या कवचातील दाहक रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत. वर चुना लावला की खूण काळी पडे व धुऊनही जात नसे. विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमांच्या, साहाय्याने बहुवारिके तयार करण्याच्या इतिहासात या खुणेस स्थान द्यावे काय, हा प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

त्या इतिहासाचा आरंभ जपानी लाखेपासून करणे युक्त ठरेल. ही लाख किड्यांची नव्हे. आंबा, काजू व बिब्बा यांच्याच आम्रकुलातील एका वृक्षाचा तो चीक होय. हा चीक दमट हवेतच नीट वाळून कठीण होतो, हे कारागिरांना पूर्वापार ठाऊक होते. त्याचे कारण १८८३ साली हिकोरोकुरो योशिदा यांनी शोधिले. चीक साठ अंशांहून थोडा अधिक तापविला की त्याची वाळण्याची शक्ती नष्ट होते. प्राणवायूवाचूनही तो वाळत नाही. यावरून चिकातच एक विकर कार्य करीत असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढिले. पुढील दशकात फ्रान्समधील गाब्रिएल बेर्त्राँ यांनी त्यास ‘लॅकेस’ हे नाव दिले. चिकातील उरुशिऑल या द्रव्याचे रेणू हे विकर प्राणवायूच्या योगे परस्परांस जोडते.

बिब्ब्याच्या रसातील द्रव्य उरुशिऑलचे सगोत्र आहे : कॅटेकॉलचे वलय व त्यास १५ कार्बनांची शृंखला, ही घडण दोहोंत समान. तथापि परटाच्या कृतीत ऑक्सिडीभवनास चालना देतो तो चुन्याचा क्षार. तीस विकरविद्येचा पूर्वावतार म्हणणे हा अभिमान होईल, इतिहास नव्हे.

खरा दुवा काजूच्या कवचतेलाने जुळतो. त्यातील कार्डानॉलचे बहुवारिक २००० साली जपानी संशोधकांनी सोयाबीनच्या पेरॉक्सिडेस या विकराने तयार केले. विक्रिया फिनॉलच्या वलयावरच होते. शृंखलेतील द्विबंध अबाधित राहतात व पुढे लेप कठीण करण्याच्या कामी येतात. फॉर्माल्डिहाइडचीही गरज उरत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही याच कवचतेलापासून, रासायनिक मार्गांनी, बहुवारिकांचे घटक बनविण्याचे संशोधन झाले आहे.

तात्पर्य, कच्च्या मालाचे सान्निध्य म्हणजे ज्ञानाची परंपरा नव्हे. योशिदांपुढे कारागिराची कृती होती आणि तिला कारण विचारणारा प्रयोगही त्यांनी केला. इतिहासलेखनात या दोन गोष्टींचा हिशेब स्वतंत्रपणेच मांडावयास हवा.